शिकवायचे कोणी? खोपोली-कर्जतच्या पट्ट्यातून दिसणारा पात्रतेचा प्रश्न

तंत्रशिक्षणातील अध्यापकाची निवड करताना भारतातील नियमावली उमेदवाराला मुख्यतः एकच गोष्ट विचारते: त्याने कोणती पदवी, कोणत्या शाखेत आणि कोणत्या श्रेणीत मिळवली आहे. त्याने कधी एखादे यंत्र उभे केले आहे काय, भट्टी चालवली आहे काय, किंवा साठ मुलांच्या वर्गात एखादी अवघड संकल्पना उलगडून सांगण्याचे कसब त्याच्याकडे आहे काय, हे प्रश्न मुलाखतीत निघतात. परंतु किमान पात्रतेच्या रकान्यात त्यांना जागा नसल्यामुळे पदवी नसलेल्या उमेदवाराच्या बाबतीत ते विचारण्याची वेळच येत नाही. ही व्यवस्था कशी घडली, तिने कोणाला अडवले, कोणाला संरक्षण दिले आणि तिच्यात नेमकी खोट कोठे आहे, हे पाहण्यासाठी दिल्लीतील कार्यालयांपेक्षा रायगड जिल्ह्यातील बोरघाटाच्या पायथ्याचा पट्टा अधिक उपयोगी ठरतो.

खोपोली, खालापूर आणि कर्जत या पट्ट्यात कारखाना आणि अभियांत्रिकी महाविद्यालय एकमेकांच्या शेजारी उभे आहेत. जगदीशनगरचा महिंद्रा उजिनने उभारलेला विशेष पोलादाचा कारखाना, पत्र्यावर जस्ताचा थर चढवणारा पूर्वीचा उत्तम गॅल्व्हा आणि आताचा आर्सेलरमित्तल निप्पॉन स्टीलचा प्रकल्प, पाताळगंगा-रसायनीकडील रासायनिक उद्योग ही एक बाजू. आणि कर्जतचे १९९४ मध्ये सुरू झालेले कोकण ज्ञानपीठ अभियांत्रिकी महाविद्यालय, हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सच्या वसाहतीत २००९ मध्ये उभे राहिलेले रसायनीचे पिल्लई एचओसी महाविद्यालय, कुंभिवलीचे २०१२ मधील विश्वनिकेतन ही दुसरी. येथे पुढे जे लिहिले आहे ते यांपैकी कोणा एका संस्थेबद्दल नाही. तालुक्याच्या गावातील विनाअनुदानित महाविद्यालय या साच्याबद्दल आहे.

या पट्ट्यातील तंत्रज्ञानाचा इतिहास महाविद्यालयांपेक्षा बराच जुना आहे. जमशेदजी टाटांच्या मृत्यूनंतर त्यांच्या वारसांनी पुरी केलेली जलविद्युत योजना ८ फेब्रुवारी १९१५ रोजी कार्यान्वित झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांत साठवलेले पावसाचे पाणी घाटमाथ्यावरून पाचशे मीटरहून अधिक खाली खोपोलीत आणून त्यावर तयार केलेली वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरवली जाऊ लागली, आणि आज ७२ मेगावॉट क्षमतेचे हे केंद्र शंभरी ओलांडूनही चालू आहे. इतक्या उंचीवरून येणाऱ्या पाण्यासाठी जे चक्र वापरले जाते ते पेल्टन चक्र होय. त्याच्या परिघावर दुहेरी वाट्या बसवलेल्या असतात आणि नळीच्या तोंडातून सुटणारा पाण्याचा फवारा त्या वाट्यांवर आदळून चक्र फिरवतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला द्रवयांत्रिकी या विषयात हे चक्र शिकावेच लागते, आणि वाटीचा वेग फवाऱ्याच्या वेगाच्या साधारण निम्मा असताना त्याची कार्यक्षमता सर्वाधिक असते, हे सूत्राने सिद्ध करून दाखवावे लागते. ज्याच्या नावाने ते ओळखले जाते तो लेस्टर पेल्टन मात्र कॅलिफोर्नियातील सोन्याच्या खाणींच्या भागात काम करणारा सुतार आणि यंत्रकारागीर होता. १८८० मध्ये त्याला या चक्राचे पेटंट मिळाले आणि १८९५ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने त्याला पदक दिले. पण ज्या विषयात त्याचे नाव विद्यार्थी पाठ करतात तो विषय शिकवण्यास आजच्या नियमाप्रमाणे तो पात्र ठरला नसता.

असे उदाहरण दिले की पदवीची अट हास्यास्पद आहे असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि तो निष्कर्ष उतावळा आहे. घाटावरून येणाऱ्या दाबनळात वाहणारे पाणी खालच्या झडपेने एकाएकी थांबवले तर नळात दाबाची लाट उठते. तिला जलाघात म्हणतात आणि ती पोलादी नळ फोडू शकते. म्हणून पेल्टन चक्रावर अचानक भार कमी झाला की आधी एक पत्रा फवाऱ्याच्या आड येऊन त्याची दिशा बदलतो आणि मुख्य झडप त्यानंतर सावकाश मिटते. पत्रा केव्हा आड आला पाहिजे हे केंद्रातील जुन्या कामगाराला आवाजावरून कळत असेल. परंतु ती लाट किती मोठी असेल, नळाची जाडी किती हवी आणि झडप किती सेकंदांत मिटावी, हे गणिताविना सांगता येत नाही, आणि त्या गणिताची पायाभूत मांडणी रशियन संशोधक निकोलाय झुकोव्स्की याने मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यावरील प्रयोगांतून १८९८ मध्ये केली. पेल्टनची वाटी आणि झुकोव्स्कीचे समीकरण या दोन्ही गोष्टी खोपोलीच्या केंद्रात एकाच नळाच्या टोकाशी एकत्र येतात. तंत्रशिक्षणाचा अध्यापक यांपैकी कोणाच्या वळणाचा असावा, हा खरा वाद आहे, आणि नियमाने तो झुकोव्स्कीच्या बाजूने सोडवला आहे.

तो नेहमीच तसा सुटलेला नव्हता. पुण्यातील अभियांत्रिकीचे वर्ग १८५४ मध्ये आणि मुंबईतील व्हीजेटीआय १८८७ मध्ये सुरू झाले, तेव्हा अभियांत्रिकीतील डॉक्टरेट ही वस्तूच जगात जवळजवळ नव्हती. जर्मनीत तंत्रविद्यालयांना डॉक्टर-इंजिनिअर ही पदवी देण्याचा अधिकार सम्राट दुसऱ्या विल्हेल्मने १८९९ मध्ये दिला, तोही जुन्या विद्यापीठांचा विरोध पत्करून. व्हीजेटीआयच्या आरंभीच्या अध्यापकांत लक्ष्मणराव किर्लोस्कर होते. चित्रकला शिकण्यासाठी ते जे. जे. कलाशाळेत गेले, रंगांधत्वामुळे चित्रकला सोडून यांत्रिक रेखाटन शिकले आणि तेवढ्या शिदोरीवर व्हीजेटीआयमध्ये तो विषय शिकवू लागले. बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि पुढे जे घडवले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. दुसरीकडे, मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये स्थापलेल्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचा, म्हणजे यूडीसीटीचा, लौकिक डॉक्टरेट घेतलेल्या संशोधक अध्यापकांनी उभा केला. केंब्रिजहून पीएच.डी. करून आलेले मनमोहन शर्मा १९६४ मध्ये अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी तेथे प्राध्यापक झाले, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी देशातील रासायनिक उद्योगाचा चेहरा बदलला. शिवाय शर्मा उद्योगांचे सल्लागारही होते. संशोधन आणि कारखाना हे एकाच माणसात नांदू शकतात, याचा हा पुरावा आहे, फक्त अशी माणसे दर तालुक्याला मिळत नाहीत.

आजच्या नियमांची सत्ता अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेकडे, म्हणजे रोजच्या बोलण्यातील एआयसीटीईकडे आहे. १९४५ मध्ये सल्लागार मंडळ म्हणून जन्मलेल्या या परिषदेला १९८७ च्या कायद्याने वैधानिक अधिकार मिळाले आणि अध्यापकांची पात्रता ठरवणे हा त्यांचाच भाग झाला. २०१९ मध्ये सातव्या वेतन आयोगाबरोबर आलेल्या विनियमांनुसार पदवी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी त्याच शाखेतील बी.ई. किंवा बी.टेक. आणि एम.ई. किंवा एम.टेक. या दोन्ही पदव्या लागतात व दोहोंपैकी एकीत प्रथम श्रेणी लागते. सहयोगी प्राध्यापकासाठी पीएच.डी., आठ वर्षांचा अनुभव आणि मान्य नियतकालिकांतील किमान सहा शोधनिबंध लागतात. प्राध्यापकपदासाठी पीएच.डी.खेरीज दहा वर्षांचा अनुभव, आणखी शोधनिबंध आणि सामान्यतः दोन विद्यार्थ्यांना पीएच.डी.पर्यंत नेल्याचा दाखला मागितला जातो. प्राचार्यासाठी अनुभवाची अट पंधरा वर्षांवर जाते. अनुभवाच्या वर्षांत उद्योगातील वर्षे धरता येतात, हे येथे नोंदवले पाहिजे, परंतु ती धरली जातात पदव्यांचा उंबरठा ओलांडल्यानंतर. तंत्रनिकेतनात, म्हणजे पदविका अभ्यासक्रमात, अधिव्याख्याता होण्यास प्रथम श्रेणीतील बी.ई. पुरते.

याच महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात भौतिकशास्त्र किंवा गणित शिकवणाऱ्याला विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे नियम लागू होतात. त्याला नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा किंवा नियमानुसार मिळवलेली पीएच.डी. लागते, तर शेजारच्या खोलीत यंत्रशास्त्र शिकवणाऱ्याला अशी कोणतीही परीक्षा नाही, कारण अभियांत्रिकी शाखांसाठी नेट-सेट घेतलीच जात नाही. यूजीसीनेही या बाबतीत धरसोड केली आहे: विद्यापीठ विभागांत सहायक प्राध्यापकाला पीएच.डी. सक्तीची करण्याचा २०१८ चा निर्णय २०२१ पासून अमलात यायचा होता, तो दोन वर्षे पुढे ढकलला गेला आणि २०२३ च्या जुलैपासून सक्ती काढून नेट-सेट हीच किमान पात्रता ठरवण्यात आली.

पदवीची अट एवढी कडक का झाली, याचे उत्तर महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासात आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि जागा झपाट्याने वाढल्या. शिकवणारे त्या वेगाने वाढणे शक्यच नव्हते. मागच्या वर्षी बी.ई. झालेला मुलगा या वर्षी तिसऱ्या वर्षाला शिकवतो आहे, नोकरी लागली की मध्येच सोडून जातो आहे, आणि त्याला दिला जाणारा पगार सरकारी महाविद्यालयाच्या शिपायाशी तुलना करण्याजोगा आहे, अशी चित्रे त्या काळात दुर्मीळ नव्हती. अशा वेळी किमान एम.ई. हवे, ठरावीक संख्येने पीएच.डी. हवेत, निवड विद्यापीठाने नेमलेल्या समितीसमोर व बिंदुनामावलीनुसार व्हावी, या अटी विद्यार्थ्याच्या हिताच्याच होत्या. संस्थाचालकाला स्वस्तातला माणूस उभा करण्यापासून रोखणारे दुसरे साधन नियंत्रकाच्या हाती नव्हते. पदवी तपासता येते, तिची छायाप्रत जोडता येते, न्यायालयात ती दाखवता येते. अध्यापनाचे कसब यांपैकी काहीच करू देत नाही. पदवीची अट टिकली ती मोजता येते म्हणून, आणि तिचे पुढचे सगळे दुखणेही त्या मोजणीतूनच आलेले आहे.

मोजणीचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. दर शाखेत दरवर्षी ६० जागा आणि अशा पाच शाखा असलेल्या महाविद्यालयात चार वर्षांचे मिळून १२०० विद्यार्थी होतात. पूर्वी १५ विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक हे प्रमाण होते, त्यानुसार ८० अध्यापक लागत. २०१८-१९ पासून परिषदेने हे प्रमाण २० विद्यार्थ्यांमागे एक असे सैल केले, तेव्हा तीच गरज ६० वर आली. म्हणजे पात्रता कडक होत असतानाच माणसांची संख्या एका ओळीने पाव हिश्शाने कमी झाली, आणि या दुसऱ्या बदलावर पहिल्याइतकी चर्चा झाली नाही. या ६० जणांत प्राध्यापक, सहयोगी आणि सहायक यांचे प्रमाण एकास दोनास सहा असावे असा दंडक आहे. तो पाळायचा तर साधारण वीस पीएच.डी.धारक हवेत. मुंबईपासून दूर, कर्जतहून खोपोलीकडे जाणाऱ्या एकेरी रुळाच्या लोकलवर किंवा द्रुतगती मार्गावरील बसवर अवलंबून असलेल्या महाविद्यालयाने वीस पीएच.डी.धारक आणायचे आणि टिकवायचे कसे, याचे उत्तर दंडकात नाही.

राष्ट्रीय मान्यता मंडळ, म्हणजे एनबीए, अभ्यासक्रमांना जी मान्यता देते तिच्या मूल्यमापनात ही मोजणी आणखी ठळक होते. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या देशांच्या व्यवस्थेचा, पूर्ण सदस्य झाल्यापासून या मान्यतेचे महत्त्व वाढले आहे. मंडळाने बरीच वर्षे वापरलेल्या सूत्रात प्रत्येक पीएच.डी.धारकाला १० आणि प्रत्येक एम.टेक.धारकाला ४ हे वजन देऊन बेरीज केली जाई आणि तिला आवश्यक अध्यापकसंख्येने भागले जाई. बारा अध्यापकांच्या विभागात चार पीएच.डी. आणि आठ एम.टेक. असतील तर भागाकार ६ येतो. त्या आठांपैकी दोघांच्या जागी पोलाद कारखान्यात तीस वर्षे काढलेले बी.ई. अभियंते नेमले तर तो ५.३३ वर उतरतो. खोपोलीच्या भट्टीवरचा अनुभव या सूत्रात शून्य धरला जातो. याच मूल्यमापनात बाहेरून येणाऱ्या अतिथी अध्यापकांसाठी थोडे गुण वेगळे ठेवलेले असत, आणि त्यामुळे उद्योगातील माणूस महाविद्यालयात येतो तो बहुधा हार-तुरे, एक व्याख्यान आणि छायाचित्र एवढ्यापुरता.

मोजणीचे दुसरे अपत्य म्हणजे कागदावरचा अध्यापक. तपासणी समितीच्या, बोलीभाषेत एलआयसीच्या, भेटीपुरती माणसे उभी करण्याच्या कथा तंत्रशिक्षणात नवीन नाहीत. २०२४ मध्ये तमिळनाडूत अण्णा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांच्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा एकच अध्यापक एकाच वर्षी अनेक महाविद्यालयांत पूर्णवेळ नोकरीवर दाखवलेला आढळला. पीएच.डी.धारकांची टंचाई आणि त्यांची सक्ती एकत्र आली की पदवीचे प्रमाणपत्र माणसापासून सुटे होऊन भाड्याने फिरू लागते, हा त्याचा अर्थ.

पदवीची अट किती दूरवर परिणाम करते हे पुण्याच्या ऑल इंडिया श्री शिवाजी मेमोरियल सोसायटीच्या खटल्यात दिसले. १५ मार्च २००० रोजीच्या परिषदेच्या अधिसूचनेने तत्कालीन सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी.ची अट घातली, आणि ती नसलेल्यांना नेमणुकीनंतर सात वर्षांत मिळवण्याची मुभा दिली. येथे पदनामांचा गुंता समजून घेतला पाहिजे: त्या काळी अधिव्याख्याता, सहायक प्राध्यापक आणि प्राध्यापक अशी उतरंड होती, सहाव्या वेतन आयोगानंतर २०१० मध्ये अधिव्याख्याता हा सहायक प्राध्यापक झाला आणि जुना सहायक प्राध्यापक हा सहयोगी प्राध्यापक झाला, अर्थात ठरावीक सेवा झाली असेल तर आणि वरच्या वेतनश्रेणीसह. ज्यांनी सात वर्षांत पीएच.डी. मिळवली नव्हती अशा अध्यापकांनीही हे नवे पदनाम आणि वेतन मागितले. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, पण संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २०२५ च्या आरंभी त्या न्यायालयाने दोन गट पाडले: १५ मार्च २००० पूर्वी नेमले गेलेले अध्यापक लाभास पात्र, कारण त्यांच्या नेमणुकीच्या वेळी अटच नव्हती, त्यानंतर नेमले गेलेले आणि मुदतीत पीएच.डी. न मिळवलेले अपात्र. पात्रता आणि दर्जा ठरवण्याचा अधिकार तज्ज्ञ परिषदेचा आहे, ही यामागची न्यायालयीन भूमिका जुनी आणि कायद्याच्या दृष्टीने भक्कम आहे. तरीही दोन दशके तेच विषय, त्याच प्रयोगशाळेत, त्याच मुलांना शिकवलेल्या दोन माणसांमध्ये नेमणुकीच्या तारखेने रेषा ओढली जाते, तेव्हा ती रेषा अध्यापनाच्या गुणवत्तेबद्दल काहीही सांगत नाही, हेही मान्य करावे लागते.

सात वर्षांची मुदत पुरेशी नव्हती काय, असे कोणी विचारू शकेल. पूर्वी नोकरीतील अध्यापकांना पगारी रजेवर आयआयटीसारख्या संस्थांत एम.टेक. आणि पीएच.डी. करता यावी म्हणून केंद्र सरकारने १९७० मध्ये गुणवत्ता सुधार कार्यक्रम, म्हणजे क्यूआयपी, सुरू केला होता. संस्थेने अध्यापकाला तीन वर्षे सोडावे, पगार चालू ठेवावा आणि त्याच्या जागी दुसरा नेमावा, हे सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांना जमत होते; केवळ विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालणाऱ्या संस्थेला, आणि तेही राज्य सरकारकडून मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या शुल्काची प्रतिपूर्ती उशिरा मिळत असताना, ते परवडत नाही. म्हणून तेथील अध्यापक अर्धवेळ पीएच.डी. करतो. आठवड्याला सोळा-अठरा तासिका, प्रवेशाच्या हंगामात शाळा-कनिष्ठ महाविद्यालयांना भेटी, परीक्षेची कामे, मान्यतेच्या फायली, आणि उरलेल्या वेळात संशोधन. संशोधन केंद्राची मान्यता स्वतःच्या महाविद्यालयात नसेल तर मार्गदर्शकाकडे जाण्यासाठी घाट चढायचा किंवा मुंबई गाठायची. शोधनिबंधांची संख्या ठरलेली असल्यामुळे पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार उभा राहिला, त्याला आवर घालण्यासाठी यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी काढली आणि २०२५ मध्ये ती यादीही बंद केली. अशा परिस्थितीत मिळवलेली पीएच.डी. काही वेळा उत्तमही असते, आणि ती करणाऱ्याच्या चिकाटीला तोड नसते; परंतु ती ज्या कारणासाठी मागितली गेली, म्हणजे विभागात संशोधनाची सवय रुजावी म्हणून, ते कारण बहुधा बाजूला राहते.

या सगळ्यात एक विसंगती अशी आहे की तिच्याकडे क्वचितच लक्ष जाते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, जोडारी किंवा वीजतंत्री शिकवणाऱ्या शिल्पनिदेशकाला नियम तीन गोष्टी विचारतो. पहिली, त्या व्यवसायातील प्रमाणपत्र, पदविका किंवा पदवी. दुसरी, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, जो प्रमाणपत्रधारकाला तीन, पदविकाधारकाला दोन आणि पदवीधराला एक वर्ष असा लागतो. आणि तिसरी, शिकवायचे कसे याचे एक वर्षाचे प्रशिक्षण, ज्याचा अभ्यासक्रम केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाने ठरवलेला आहे. शाळेतल्या शिक्षकालाही बी.एड. किंवा डी.एड. लागते. जसजसे वर जावे तसतशा यांतल्या दोन गोष्टी गळत जातात. तंत्रनिकेतनाच्या अधिव्याख्यात्याला अनुभव सक्तीचा नाही, पदवी महाविद्यालयाच्या सहायक प्राध्यापकाला अनुभवही नाही आणि अध्यापनाचे पूर्वप्रशिक्षणही नाही. नेमणुकीनंतर आठ घटकांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम त्याने पुरा करावा अशी अपेक्षा अलीकडे जोडली गेली आहे. तंत्रशिक्षकांना घडवण्यासाठी १९६० च्या दशकात भोपाळ, चेन्नई, कोलकाता आणि चंदीगड येथे चार राष्ट्रीय संस्था काढल्या गेल्या, पश्चिम भारताचा वाटा भोपाळकडे आला, परंतु तेथील प्रशिक्षणाला पात्रतेत कधी स्थान मिळाले नाही. म्हणजे लोखंडाला कानस लावायला शिकवणाऱ्याने कानस चालवलेली असली पाहिजे आणि शिकवण्याची कलाही शिकलेली असली पाहिजे, पण पोलादाचे गुणधर्म शिकवणाऱ्याने भट्टी पाहिली नसली तरी चालते. वरच्या पायरीवर ज्ञान अधिक अमूर्त होते हे खरे. तरी अनुभव आणि अध्यापनकौशल्य यांची गरज तेथे एकदम शून्यावर येते, असे मानण्याला कोणता आधार आहे ते कोणत्याही विनियमाने सांगितलेले नाही.

विद्यार्थ्यांचा ओढा बदलल्यामुळे प्रश्नाला अलीकडे आणखी एक फाटा फुटला आहे. परिषदेने २०२४-२५ पासून चांगल्या स्थितीतील महाविद्यालयांवरील प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा उठवली आणि संगणक, कृत्रिम बुद्धिमत्ता, विदा-विज्ञान या शाखांच्या जागा भराभर वाढल्या. भोवती पोलाद, वीज आणि रसायने असलेल्या खोपोलीच्या पट्ट्यातही मुलांना हव्या आहेत त्या याच शाखा. यंत्र आणि स्थापत्य विभागांत वर्ग रिकामे राहतात आणि तेथील पात्र, मान्यताप्राप्त अध्यापक जादा ठरतात. कृत्रिम बुद्धिमत्ता याच नावाची एम.टेक. पदवी असलेले उमेदवार थोडे, आणि जे आहेत त्यांना सहायक प्राध्यापकाच्या ५७,७०० रुपयांच्या मूळ वेतनापेक्षा, तेही प्रत्यक्ष मिळत असेल तर, पुण्या-मुंबईच्या कंपन्या कितीतरी अधिक देतात. कोणत्या शाखेची पदवी कोणत्या विभागासाठी समकक्ष मानावी याची जंत्री परिषदेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केली होती, पण तंत्रज्ञानाची नावे जंत्रीपेक्षा वेगाने बदलतात. यूजीसीने ६ जानेवारी २०२५ रोजी जो नव्या विनियमांचा मसुदा काढला त्यात किमान ५५ टक्के गुणांसह एम.ई. किंवा एम.टेक. असलेल्याला नेटविना विद्यापीठात सहायक प्राध्यापक होता येईल अशी तरतूद सुचवली होती. तांत्रिक विषयांत माणसेच मिळत नाहीत, याची ती अप्रत्यक्ष कबुली म्हणता येईल.

कारखान्यातील अनुभवाला महाविद्यालयात अधिकृत दार उघडण्याचा प्रयत्नही झाला आहे. यूजीसीने २०२२ मध्ये प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस, म्हणजे व्यवसायनिपुण प्राध्यापक, हे पद आणले. क्षेत्रातील किमान पंधरा वर्षांचा लौकिकप्राप्त अनुभव असला तर त्याला पदवीची अट नाही, शोधनिबंधांची अट नाही. अशी पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत भरता येतात, म्हणजे वरच्या हिशेबातील महाविद्यालयात सहा. खोपोली-खालापूरसारख्या ठिकाणी ही तरतूद खरे तर वरदान ठरावी: वितळभट्टी, जस्तलेपन, जलविद्युत केंद्राची देखभाल, रासायनिक प्रकल्पाची सुरक्षितता अशा विषयांचे निवृत्त जाणकार येथे घरटी सापडतील. मात्र या पदाचे वेतन उद्योगाने द्यावे, संस्थेने स्वनिधीतून द्यावे किंवा काम मानद असावे, असे तीन प्रकार मार्गदर्शक सूचनांत आहेत. तिसरा प्रकार वाचला की १९८३ नंतरच्या संस्थाचालकांचा इतिहास आठवणे अपरिहार्य आहे. ज्या संस्थेला एम.टेक. अध्यापकाला पूर्ण वेतन देणे जड जाते, तिच्या हाती पदवीही नको आणि पगारही नको असे पद दिले तर ते कोणत्या हेतूने भरले जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

जर्मनीने हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला आहे. तेथील उपयोजित विज्ञानाच्या उच्चशिक्षण संस्थांत, ज्यांना पूर्वी फाखहोखशूल म्हणत, प्राध्यापक होण्यासाठी साधारणपणे डॉक्टरेट लागतेच, पण तिच्याबरोबर किमान पाच वर्षांचा व्यावसायिक अनुभवही लागतो, आणि त्यांतील किमान तीन वर्षे विद्यापीठाच्या बाहेर काढलेली असावी लागतात. तेथे अनुभव पदवीला पर्याय म्हणून येत नाही; दोन्ही मागितले जातात आणि दोन्हींचे मोल वेतनात दिले जाते. भारतात हे जसेच्या तसे उचलणे शक्य नाही, कारण पीएच.डी. आणि उद्योगातील पाच वर्षे असा उमेदवार तालुक्याच्या महाविद्यालयाकडे फिरकणार नाही. त्यापेक्षा विभागाला एकक मानणे अधिक व्यवहार्य दिसते: बारा जणांच्या विभागात चार संशोधक, दोन-तीन कारखान्यातून आलेले आणि बाकीचे अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतलेले, असा संच पुरा झाला की नाही हे तपासावे, आणि प्रत्येक माणसाकडून तिन्ही गोष्टींची अपेक्षा सोडून द्यावी. त्यासाठी एनबीएसारख्या सूत्रांत अनुभवाला शून्याऐवजी काही वजन द्यावे लागेल, आणि वेतन बँकेतून दिल्याचा पुरावा पदवीच्या छायाप्रतीइतक्याच काटेकोरपणे मागावा लागेल. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे, कारण ती संस्थाचालकांना रुचणारी नाही आणि शुल्क भरणाऱ्या पालकांच्या खिशाशीही तिचा संबंध आहे.

तूर्त व्यवसायनिपुण प्राध्यापकाची नेमणूक तीन वर्षांपर्यंत करता येते आणि अपवाद म्हणून एका वर्षाने वाढवता येते. चार वर्षांपलीकडे ती कोणत्याही स्थितीत जात नाही. अभियांत्रिकीचा अभ्यासक्रमही चार वर्षांचा आहे. जगदीशनगरच्या भट्टीवरून आलेला एखादा अभियंता पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर महाविद्यालयात दाखल झाला, तर त्या मुलांना पदवी मिळेपर्यंत शिकवण्याची त्याची घडी नुकती बसलेली असेल, आणि नियमाप्रमाणे त्याच वर्षी त्याला निरोप द्यावा लागेल.